पॅरिशचा फोन माझ्याकडे होता तेव्हा

आमच्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मग्रामाच्या, ऑनलाइन सेवेचं काम मी २०२३ च्या आगमनकाळात (नाताळाआधीच्या आठवड्यांत) अंगावर घेतलं आणि ८ जून २०२५ ला, पेंटेकॉस्टच्या सणाला, दुसऱ्या दोघांच्या हाती सोपवलं. मधल्या काळात आजूबाजूच्या धर्मग्रामांतून बऱ्याच जणांनी विचारलं, ‘तुम्ही हे कसं जमवता?’ दर वेळी लोकलमध्ये बसून लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं. मी वसईची, नोकरी मुंबईला, तंत्रज्ञानाचं शिक्षण शून्य. ‘तुला फोनमधलं कळतं ना, मग तूच बघ’ असं म्हणून ज्यांच्या गळ्यात हे काम पडलंय, त्यांना यातलं काही उपयोगी पडेल.

आधी थोडं मागचं. २७ मार्च २०२० च्या रात्री, आपल्याकडे साडेदहा वाजले असतील, रोमच्या रिकाम्या चौकात पावसात उभे असलेले पोप फ्रान्सिस आम्ही घरच्या टीव्हीवर पाहिले. दोनच आठवड्यांनी, १२ एप्रिलला, पुनरुत्थानाचा रविवार आला. आमच्या चर्चमध्ये फादर, एक सिस्टर आणि स्टुलाला बांधलेला मोबाइल, एवढेच हजर. युवकांनी ते थेट प्रक्षेपण सुरू केलं होतं. प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याला उघडली, पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत परत बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला, पुन्हा उघडली. मग ती मुलं कॉलेजला, नोकरीला, काही जण कॅनडाला गेली. यूट्यूब चॅनल मागे उरलं. कुणाला आठवण झाली तर रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) दिसायची, नाहीतर नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये नवे फादर म्हणाले, “आंटी, हे चालवायचं की बंद करायचं, तुम्ही जरा बघून सांगा.” सोबत एक छापील गठ्ठा दिला. व्हॅटिकनच्या संपर्क विभागाने मे २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या वावराबद्दल एक चिंतन प्रसिद्ध केलं होतं, त्याच्या त्या प्रती. मला वाटलं, फेसबुक कसं वापरावं याच्या सूचना असतील. निघालं भलतंच. सगळं चिंतन लूकच्या शुभवर्तमानातल्या दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर उभं होतं. रस्त्यात जखमी पडलेला माणूस, बघून पुढे गेलेला याजक, पुढे गेलेला लेवी (मंदिरातला सेवक) आणि थांबलेला परका. फोनवर बोट सरकवत आपण दिवसाला किती जखमींच्या बाजूने जातो, हे त्या रात्री डोक्यातून गेलं नाही.

ठरवण्याआधी महिनाभराची मुदत मागितली आणि चॅनलचे आकडे पाहिले. सुरुवातीला हिरमोड झाला. बहुतेक लोक चार-पाच मिनिटांत निघून जात होते. पण थोडी मंडळी प्रवेशगीतापासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत थांबत होती, आणि गप्पांच्या चौकटीत दर रविवारी तीच नावं दिसत होती. एक कुवेतला नर्स, एक जहाजावरचा मुलगा, आणि बाकी सगळे चर्चपासून दोन किलोमीटरच्या आतले. हे मला अपेक्षित नव्हतं. लांबच्यांसाठी आहे असं आपण समजत होतो ते प्रत्यक्षात जवळच्यांसाठी होतं.

पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत वाद झालाच. एका गटाचं म्हणणं, घरी मिस्सा दिसली की लोक चर्चला येणार नाहीत. दुसऱ्या गटाला ड्रोन हवा होता. (प्रत्येक कौन्सिलमध्ये ड्रोन हवा असलेला एक तरी माणूस असतो.) एक निवृत्त गुरुजी म्हणाले, “गोव्यात छापखाना आला १५५६ ला, आणि फादर स्टीफन्सनी क्रिस्तपुराण छापलं १६१६ ला. लोकांना ओवी आवडते म्हणून ओवीत लिहिलं. साधन नवं असतं, ते कुणासाठी वापरायचं तेवढं ठरवा.” त्यावर फारसं कुणी बोललं नाही.

एक वर्षाचा प्रयोग मंजूर झाला. अटी इतिवृत्तात लिहून घेतल्या, आणि हे मी सगळ्यांना सांगते: तोंडी ठरवू नका. मिस्सा थेट दाखवायची, रेकॉर्ड करून नंतर नाही. २०२० च्या पवित्र सप्ताहासाठी रोमहून आलेल्या आदेशातही थेट प्रक्षेपणच अभिप्रेत होतं, रेकॉर्ड केलेलं नव्हे. लहान मुलांचे जवळून चेहरे दाखवायचे नाहीत. कम्युनियनच्या (ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या) रांगेवर कॅमेरा न्यायचा नाही. पडद्यावर पैशांचं आवाहन नाही. धर्मप्रांताच्या कार्यालयाला पत्र दिलं, तिथून होकार यायला तीनेक आठवडे गेले.

खरी कसरत खात्याची. चॅनल ज्या मुलाच्या खाजगी जीमेलवर होतं तो आता टोरांटोला. ओटीपी त्याच्या फोनवर, आमची सकाळ ती त्याची रात्र. त्याने बिचाऱ्याने अलार्म लावून मदत केली. नवा मालक जोडल्यावरही मुख्य मालकी लगेच देता येत नाही, मध्ये काही दिवस थांबावं लागतं, तेव्हा नाताळच्या आदल्या आठवड्यात हे काम काढू नका. पॅरिशच्या नावाचा नवा ईमेल काढा, पॅरिश ट्रस्टच्या नावाने सिमकार्ड घ्या (ट्रस्टच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, पॅन आणि ठरावाची प्रत लागली) आणि दोन टप्प्यांची पडताळणी त्या नंबरवर ठेवा. अगदी नवं चॅनल काढत असाल तर थेट प्रक्षेपण चालू करण्याची परवानगी यायला चोवीस तास लागू शकतात. मोबाइलवरून करायचं तर किमान पन्नास सबस्क्रायबर लागतात, संगणकावरून ती अट नाही.

खर्च साडेपाच हजारांच्या आत बसला: तिवई, चर्चच्या ध्वनियंत्रणेतून आवाज थेट घेण्यासाठी एक छोटं यंत्र आणि वीज गेली तरी राउटर चालू राहावा म्हणून बॅटरी. वसईत राहणाऱ्यांना बॅटरीचं कारण सांगायला नको. कॅमेरा मात्र जुनाच मोबाइल. चित्र अंधूक असलेलं चालतं, आवाज फाटला तर लोक जातात. कारण अंथरुणावरची माणसं मिस्सा पाहत नाहीत, ऐकतात.

नाताळात गायकवृंदाने गायलेल्या एका गीतावर कुठल्याशा ध्वनिमुद्रण कंपनीचा हक्काचा दावा आला. चॅनलवरून आम्ही पैसे कमवत नाही हे कारण चालत नाही. हरकत नोंदवली की दावेदाराला उत्तरासाठी तीस दिवस मिळतात, तोवर गप्प बसायचं. संगीतकाराची लेखी परवानगी आमच्याकडे होती म्हणून सुटलं. तेव्हापासून प्रत्येक गीताच्या परवानगीचा कागद फाइलमध्ये लागतो. गायकवृंदाच्या प्रमुखांना माझा वैताग आला होता, आता तेच नव्या लोकांकडे कागद मागतात.

इथपर्यंतचं कुठल्याही संस्थेला लागू आहे. पुढचं सांगायला जरा अवघड.

जानेवारीत पॅरिशचा व्हॉट्सॲप नंबर प्रार्थना-विनंत्यांसाठी खुला केला. अपेक्षा होती आठवड्याला पाच-दहा निरोपांची. पहिल्याच आठवड्यात फोन खाली ठेवता येईना. किमोथेरपीची तारीख, मुलीचं मोडलेलं लग्न, दुबईत अडकलेला पगार, दारू, जमिनीवरून भावाभावांत लागलेला खटला. ऑफिसात, लोकलमध्ये, स्वयंपाकघरात, सगळीकडे मी हात जोडल्याची चित्रं पाठवत होते. महिनाभरात अशी वेळ आली की रविवारी मिस्सेला बसले की डोळे वेदीकडे आणि लक्ष तिवईवरच्या लाल ठिपक्याकडे. देवाच्या कामात आहे आणि देवाशी बोलणं बंद आहे, हे विचित्र वाटत होतं.

जवळच्या कॉन्व्हेंटमधल्या एका सिस्टरांकडे गेले. त्या म्हाताऱ्या, साधा बटणांचा फोन वापरणाऱ्या. मला वाटलं होतं त्या ‘सोडून दे’ म्हणतील. त्यांनी संत इग्नेशिअस लोयोलांची आत्मपरीक्षणाची पद्धत समोर ठेवली: आधी आभार, मग उजेड मागायचा, मग दिवस तासातासाने आठवायचा, क्षमा मागायची आणि उद्यासाठी एक निश्चय करून ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणायचं. दुपारी एकदा, रात्री एकदा. “तुझा दिवस फोनमध्ये जातो ना? मग फोनच आठव,” म्हणाल्या.

२०२४ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस, १४ फेब्रुवारीला आला होता. बाहेर गुलाब, कपाळावर राख. त्या दिवसापासून ३१ मार्चच्या पुनरुत्थान रविवारपर्यंत हे नेमाने करायचं ठरवलं. ऑफिसात डबा खाऊन झाला की जिन्यात उभी राहून पाच मिनिटं, आणि रात्री झोपण्याआधी. फोन स्वतःच सांगतो आपण कुठल्या ॲपवर किती वेळ होतो, तो हिशेब आत्मपरीक्षणाचा कच्चा माल म्हणून वापरायचा. कुणाचा निरोप घाईत उडवला? कुठे राग आला आणि तो कुणावर काढला? शेजारच्या पॅरिशच्या चॅनलला किती लोक आहेत हे मी आज पुन्हा का पाहिलं? हा शेवटचा प्रश्न बरेच दिवस रोज रात्री येत राहिला.

दुसरा नेम सिस्टरांनीच सुचवला, तो सगळ्यात कठीण. निरोपाला उत्तर देण्याआधी पाठवणाऱ्याचं नाव हलक्या आवाजात उच्चारायचं, त्याच्यासाठी एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणायचं आणि मगच टाइप करायचं. ऐकायला सोपं आहे. विरार लोकलच्या महिला डब्यात, दादरला चढलेल्या गर्दीत, करून बघा. उत्तरं हळू जायला लागली, कमी जायला लागली, पण ‘प्रार्थना करते’ हे वाक्य लिहीपर्यंत प्रार्थना झालेली असायची. आमच्या डब्यात टाळ घेऊन भजन करणारा एक गट आहे. माझे ओठ हलताना पाहून त्यातल्या एका काकूंनी चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “माझ्या नातवाचं पण नाव घ्या, दहावीला आहे.” घेतलं. पास झाला, गणितात जेमतेम.

तिसरा नेम वेळेचा. सकाळी सात ते साडेसात आणि रात्री साडेआठ ते साडेनऊ, एवढ्याच वेळात पॅरिशचा फोन उघडायचा. बाकी वेळ तो कपाटात. ही वेळ आम्ही स्वयंचलित उत्तरात आणि पॅरिशच्या पत्रकात छापली. ‘तातडी असेल तर पॅरिश ऑफिसच्या दूरध्वनीवर बोला’ हेही. लोक चिडतील अशी भीती होती, कुणी चिडलं नाही. युवकांच्या सभेत हे सांगताना मला कार्लो अकुतिस उपयोगी पडला. संगणकात रमणारा हा इटालियन मुलगा २००६ मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेला. पवित्र मिस्सेशी निगडित चमत्कारांची माहिती त्याने संकेतस्थळावर गोळा केली होती आणि प्लेस्टेशन आठवड्याला एक तास, असा स्वतःला नियम घातला होता. तेव्हा तो ‘धन्य’ होता, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, ७ सप्टेंबर २०२५ ला संत जाहीर झाला. मुलांनी लगेच विचारलं, आठवड्याला एक तास की दिवसाला? मी म्हटलं, आठवड्याला. सभागृहात शांतता.

निरोपांतली माहिती नाजूक असते. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला म्हणून नव्हे, तर गावात सगळे सगळ्यांना ओळखतात म्हणून आम्ही नियम केले. विनंती फक्त सेवेतल्या आम्हा तिघांनाच दिसणार. मिस्सेत वाचताना आडनाव नाही, आजाराचं नाव नाही. व्हॉट्सॲपवर निरोप सात दिवसांत आपोआप पुसले जातील अशी सोय आहे, ती चालू ठेवली. आणखी एक बारकी गोष्ट: एकाच वेळी सगळ्यांना सूचना पाठवण्याची जी यादी असते, तिच्यातला निरोप ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच पोचतो. आमच्या निम्म्या आजी-आजोबांना सूचना का मिळत नाहीत याचं उत्तर हे होतं. मग रविवारी मिस्सेनंतर दोन मुलं दारात उभी करून नंबर जतन करून दिले.

‘येशूवर प्रेम असेल तर आमेन लिहा’ असली चित्रं आम्ही टाकली नाहीत. त्याने संख्या वाढते हे मला माहीत आहे. पण जो आमेन लिहून पुढे जातो त्याचं आपण पुढे काय करणार, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मार्चमधल्या एका रात्री दीडला निरोप आला होता: ‘आता नको वाटतं सगळं.’ मी तो सकाळी सातला पाहिला. पलीकडची मुलगी सुखरूप होती, नंतर तिच्या घरी जाणंयेणंही सुरू झालं. पण त्या सकाळी हात थरथरले. त्यानंतर समुपदेशनाचं शिक्षण घेतलेल्या एका फादरांकडून आम्ही तिघांनी धडे घेतले. आता स्वयंचलित उत्तरातच टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर असतो, तो चोवीस तास चालतो. असा निरोप दिसला तर एकट्याने उत्तर द्यायचं नाही, लगेच दुसऱ्या सेवकाला आणि फादरांना फोन करायचा. प्रार्थनेच्या नावाखाली आपण डॉक्टर व्हायचं नाही. प्रक्षेपणाच्या वायरी जोडण्याआधी हे शिकून घ्या, असं मी आता कुणालाही सांगते.

आणि मग तो फोन. प्रायश्चित्तकाळाच्या शेवटच्या आठवड्यात एका बिछान्याला खिळलेल्या आजोबांच्या सुनेने विचारलं, “बाबांना पापनिवेदन करायचंय. फादरांना व्हिडिओ कॉल लावून द्याल का? मिस्सा तर ते मोबाइलवरच बघतात.” प्रश्न अगदी सरळ होता. पण फोनवरून पापनिवेदन होत नाही. व्हॅटिकनने २००२ सालीच स्पष्ट केलंय की इंटरनेटवर संस्कार होत नसतात. पडद्यावरची मिस्सा ज्यांना येणं शक्यच नाही त्यांच्यासाठी आधार आहे, पण ख्रिस्तशरीर पडद्यातून हातावर येत नाही. मी अडखळत हे समजावत होते, तोवर फादरांनी मोटरसायकल काढली. वीस मिनिटांत ते आजोबांच्या खाटेशेजारी होते. सून नंतर म्हणाली, बाबा त्या रात्री चार वर्षांनी शांत झोपले. चार वर्षं! २०२० पासून ते आमचे सगळ्यात नियमित प्रेक्षक होते आणि आजाऱ्यांच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं. चर्च बंद झालं, त्यांनी मोबाइल धरला, चर्च उघडलं तेव्हा त्यांचे पाय गेलेले होते. आपण मात्र समजत होतो, बाबा ऑनलाइन आहेत.

तोवर मला तो नियम अडचणीचा वाटायचा. लोकांना किती सोयीचं झालं असतं, वगैरे. आता वाटतं, या सगळ्या कामाला ज्याने दिशा दिली तो हाच नियम. जे पडद्यातून देता येत नाही त्यासाठी कुणीतरी उठून जावंच लागतं. पास्काच्या (पुनरुत्थानाच्या) सणानंतर आम्ही प्रक्षेपण शेवटपर्यंत पाहणाऱ्यांची नावं घेऊन बसलो. जवळच्या वाड्यांतली बारा-पंधरा घरं निघाली, जिथे कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं होतं आणि कम्युनियन पोचत नव्हतं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांकडे जाणाऱ्या सेवकांच्या यादीत ती घातली. दाखल्यातला शोमरोनी जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून थांबत नाही. त्याला उतारशाळेत नेतो, दोन दिनार देतो आणि परत येईन म्हणतो. पुढे न्यायला उतारशाळा नसेल तर नुसतं थांबून काय होणार? आमची उतारशाळा म्हणजे पहिला शुक्रवार.

त्यानंतर माझं काम उलटं झालं. निरोप आला की आधी विचार, याच्या घरी कोण जाऊ शकेल? कुवेतच्या नर्सला आम्ही तिकडच्या चर्चमधल्या वसईकर गटाशी जोडून दिलं, आता ती आमची मिस्सा बघत नाही. संख्या एकने घटली. त्या रात्रीच्या आत्मपरीक्षणात मी पहिले आभार त्याचेच मानले, आणि ते मनापासून होते याचं मलाच नवल वाटलं.

व्यवहाराच्या दोन गोष्टी राहिल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये कुणीतरी फादरांचा फोटो लावून समाजमाध्यमावर खोटं खातं काढलं आणि ‘एका आजारी मुलासाठी तातडीने’ पैसे मागायला सुरुवात केली. एका काकांचे पाच हजार गेले. १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार केली, शिवाय राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. खात्याचा पूर्ण पत्ता, स्क्रीनशॉट, व्यवहाराचा क्रमांक तयार ठेवा, आणि तक्रारीचा पोचक्रमांक लिहून घ्या. त्या मंचाकडेही तोतयेगिरीची तक्रार करा. २०२१ च्या नियमांनुसार अशा तक्रारीवर तेव्हा चोवीस तासांत कारवाई अपेक्षित होती. आम्हाला चार दिवस आणि बरेच ईमेल लागले. काकांचे पैसे आले नाहीत. तेव्हापासून दर महिन्याला एक सूचना जाते: फादर कधीही मेसेजवरून पैसे मागत नाहीत.

दुसरी गोष्ट परदेशी देणग्यांची. कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्या एका नातेवाइकाला प्रक्षेपणासाठी कॅमेरा द्यायचा होता, पैसे पाठवतो म्हणाला. परकीय नागरिकाकडून देणगी घ्यायला संस्थेची एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायद्याखालची) नोंदणी लागते आणि ती रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. मूळ भारतीय असला तरी परदेशी पासपोर्ट म्हणजे परकीय. भारतीय पासपोर्ट असलेला गल्फमधला माणूस मात्र स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. आधी पासपोर्ट विचारा, मग आभार माना. आम्ही कॅमेरा घेतलाच नाही.

२०२५ चा प्रायश्चित्तकाळ वेगळाच गेला. १४ फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस रोमच्या जेमेल्ली रुग्णालयात दाखल झाले आणि दुसऱ्या आठवड्यापासून आमच्या गटांत त्यांच्या निधनाच्या अफवा आणि ऑक्सिजन लावलेली खोटी, यंत्राने बनवलेली चित्रं फिरायला लागली. लोक ती रडून पुढे पाठवत होते, त्यामुळे रागावताही येईना. आम्ही एकच ठरवलं: व्हॅटिकनच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येत नाही तोवर काहीही पुढे पाठवायचं नाही, आणि कुणी विचारलं तर ‘अजून तसं काही नाही, एक प्रणाम मरिया म्हणू या’ एवढंच उत्तर. २१ एप्रिलला, पास्काच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी सव्वाच्या सुमारास खरी बातमी आली तेव्हा मी ऑफिसात होते. नियम मोडून पॅरिशचा फोन बॅगेत घेतलेला होता. संकेतस्थळ पाहिलं, फादरांना फोन केला, जिन्यात जाऊन प्रार्थना म्हटली आणि मग तीन ओळींची सूचना टाकली, संध्याकाळी सातला चर्चमध्ये रोजरी (जपमाळेची प्रार्थना). प्रक्षेपण करायचं का, असं मुलांनी विचारलं. केलं, पण सूचनेत शेवटी लिहिलं: ज्यांना चालता येतं त्यांनी यावं. चर्च भरलं होतं.

शेवटी काम सोपवायला मात्र महिना लागला. पासवर्ड बंद पाकिटात पॅरिश ऑफिसच्या तिजोरीत ठेवले, सिम ट्रस्टच्या नावावर आहे याची खात्री केली, परवानग्यांची फाइल दिली, आणि नव्या दोघांबरोबर चार रविवार तिवईमागे उभी राहिले. दोघं असावेत, एक नको, आणि दोन वर्षांच्या वर कुणी नको, हेही आता इतिवृत्तात आहे. सिस्टरांकडे त्या दोघांनाही पाठवलं. आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती माझी रात्रीची वेळ बदलून साडेनऊ ते साडेदहा करण्याची, कारण दोघंही क्लास घेतात. त्यांचं बरोबर आहे.

पहिल्या शुक्रवारची यादी तेवढी अजून माझ्याकडे आहे. आमच्या पॅरिशचं कुणी हे वाचत असेल आणि यादीत घर घालायचं असेल, तर ऑफिसात नाव द्या. सोमवारी ऑफिस बंद असतं.